हक्कसोडपत्र

हक्कसोडपत्र म्हणजे सामाईक मालकीच्या स्थावर मिळकतीतील आपला हिस्सा एका सहहिस्सेदाराने इतर सहहिस्सेदारांच्या लाभात सोडून दिल्याचा नोंदणीकृत दस्तऐवज होय. कायद्याच्या दृष्टीने असा दस्त कोणीही सहहिस्सेदार लिहून देऊ शकतो. भाऊ बहिणीला देऊ शकतो, आई मुलांना देऊ शकते. महाराष्ट्रात प्रत्यक्षात मात्र हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येते ती लग्न झालेल्या बहिणीने भावांना दिलेली सही. प्रस्तुत लेखात मुख्यतः याच प्रकारच्या हक्कसोडीचा, आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागाच्या संदर्भात, विचार केला आहे.

हा दस्त सामान्यतः वडिलांच्या मृत्यूनंतर, जमिनीची विक्री ठरल्यावर किंवा भूसंपादन सुरू झाल्यावर केला जातो. त्यातील मोबदला बहुतेक वेळा शून्य असतो. कायदा ज्याला स्वेच्छेचा त्याग समजतो तो व्यवहारात पुष्कळदा माहेर टिकवण्याची किंमत असतो. त्यामुळे त्याचे परिणाम भाऊ आणि बहीण या दोघांपुरते राहत नाहीत. सही देणारी बहीण व न देणारी बहीण, त्यांचे नवरे, भावजया आणि पुढच्या पिढीच्या सोयरिकी या सर्वांत ते उतरतात.

शब्द आणि बोली

कार्यालयीन मराठीत ‘हक्कसोडपत्र’ किंवा ‘हक्कसोड लेख’ असे म्हणतात. गावात हा शब्द क्वचितच पूर्ण उच्चारला जातो. तेथे ‘बहिणीची सही घ्यायची आहे’, ‘बहिणीचे नाव कमी करायचे आहे’ असे बोलले जाते. या दोन्ही वाक्यांत बहीण ही कर्ता नसते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हक्कसोडपत्र हे बक्षीसपत्रापेक्षा आणि वाटणीपत्रापेक्षा वेगळे असते. बक्षीसपत्र कोणालाही, अगदी परक्यालाही करून देता येते. हक्कसोड फक्त त्याच मिळकतीतील दुसऱ्या हिस्सेदाराच्या लाभात होते. वाटणीपत्रात प्रत्येकाला काही तरी मिळते. हक्कसोडीत एकाचा हिस्सा नाहीसा होतो आणि इतरांचे हिस्से वाढतात.

मराठीत भावांमधील मिळकतीच्या भांडणाला ‘भाऊबंदकी’ असा जुना, रुळलेला शब्द आहे. बहिणींच्या अशा भांडणाला शब्द नाही. शब्द नाही म्हणून भांडण नव्हते असे नव्हे. बहिणींना भांडण्याजोगा वाटाच नव्हता, हे त्याचे कारण.

पूर्वपीठिका

वारसाहक्काच्या ज्या परंपरेतून हा प्रश्न उद्भवला, तिचा मूळ ग्रंथ धाराशिव जिल्ह्याच्या अगदी शेजारी लिहिला गेला. ‘मिताक्षरा’ या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेचा कर्ता विज्ञानेश्वर हा कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळातील. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. उमरगा तालुक्यातून कर्नाटकाची सीमा ओलांडली की ते जवळच आहे. मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क असतो हे मिताक्षरेचे प्रसिद्ध तत्त्व. हा जन्मसिद्ध हक्क मुलीला नव्हता. मात्र विज्ञानेश्वराला केवळ स्त्रीविरोधी ठरवणे अन्यायाचे होईल. अविवाहित बहिणीचा चतुर्थांश हा केवळ तिच्या लग्नाचा खर्च नसून तिचा वाटा आहे असे त्याने म्हटले. स्त्रीधनाच्या व्याख्येतील ‘आद्य’ या एका शब्दाचा अर्थ ‘इत्यादी’ असा घेऊन वारशाने, खरेदीने व वाटणीने मिळालेली मिळकतही त्याने स्त्रीधनात धरली. पुढील काळातील व्यवहारात हा उदार भाग मागे पडला आणि मुलांचा जन्मसिद्ध हक्क तेवढा टिकला.

मुलीला जमीन देण्याची रीत मराठी मुलखात अगदीच नव्हती असे नाही. ‘चोळी-बांगडीसाठी’ म्हणून लेकीला जमिनीचा तुकडा किंवा उत्पन्न दिल्याचे दाखले जुन्या कागदपत्रांत आढळतात. पण हे देणे पित्याच्या मर्जीचे होते. मुलीला ते मागता येत नव्हते.

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. दरम्यान दिल्लीत हिंदू कोड बिलावर वाद झाला होता. मुलीला मुलाइतका वाटा हा त्या वादातील एक कळीचा मुद्दा होता. बिल रखडल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. बिलाचे नंतर तुकडे करण्यात आले आणि त्यांपैकी हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ पासून लागू झाला. हा कायदा हिंदूंप्रमाणेच लिंगायत, बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबांत मुलीचा वाटा मुलाच्या वाट्याच्या निम्मा असतो. त्यांचा वारसाकायदा वेगळा आहे.

कायद्यातील बदल आणि वाट्याचा हिशेब

१९५६ च्या कायद्याने मुलीला वारस केले, पण वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मसिद्ध हक्क मुलांकडेच ठेवला. याचा अर्थ नुसत्या शब्दांत नीट उमगत नाही. उदाहरण घेणे बरे. एका कुटुंबात वडिलोपार्जित दहा एकर जमीन आहे; आई, वडील, दोन मुलगे व दोन मुली असे सहा जण आहेत. वडील मृत्यू पावले. कायदा असे मानतो की मृत्यूच्या क्षणापूर्वी वडील, आई आणि दोन मुलगे यांच्यात काल्पनिक वाटणी झाली. (अशा वाटणीत आईला हिस्सा धरावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या निकालात स्पष्ट केले.) प्रत्येकास अडीच एकर. आता वडिलांचे अडीच एकर आई आणि चार अपत्ये या पाच वारसांत समान वाटले जातात, म्हणजे प्रत्येकी अर्धा एकर. हिशेब असा होतो: मुलगे तीन-तीन एकर, आई तीन एकर, मुली प्रत्येकी वीस गुंठे. वीस गुंठ्यांसाठी भावाशी वाकडे कोण घेणार? पहिल्या पिढीतील हक्कसोडी फारशा कुरकुरीशिवाय झाल्या, त्याचे एक कारण या आकड्यात आहे.

महाराष्ट्र शासनाने २२ जून १९९४ पासून राज्यापुरती दुरुस्ती करून मुलीलाही जन्मतः सहदायाद मानले. राज्याचे पहिले महिला धोरणही त्याच महिन्यातले. या दुरुस्तीत एक अट होती: त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना ती लागू नव्हती. कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून केलेल्या दुरुस्तीतही तशीच अट होती, त्यामुळे सीमेपलीकडे दिलेल्या किंवा तिकडून आणलेल्या मुलींची स्थितीही निराळी नव्हती. वरच्याच कुटुंबात मोठीचे लग्न १९९० मध्ये, धाकटीचे १९९६ मध्ये आणि वडिलांचा मृत्यू १९९८ मध्ये झाला असे धरू. आता काल्पनिक वाटणी वडील, आई, दोन मुलगे व धाकटी मुलगी अशा पाच जणांत होते. प्रत्येकी दोन एकर. वडिलांचे दोन एकर पाच वारसांत सोळा-सोळा गुंठ्यांनी वाटले जातात. धाकटीला दोन एकर सोळा गुंठे आणि मोठीला केवळ सोळा गुंठे. एकाच आईबापाच्या दोन मुलींत कायद्यानेच सहापट अंतर निर्माण केले, आणि तेही लग्नाच्या तारखेवरून. त्या काळात मोठ्या मुलीचे लग्न लवकर उरकले जाई, शिक्षण कमी होई. जिला आधीच कमी मिळाले होते तिलाच कायद्यानेही कमी दिले.

विधी आयोगाने मे २००० मधील १७४ व्या अहवालात स्त्रियांच्या मालमत्ताहक्कांचा विचार केला. त्यानंतर केंद्र शासनाने ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलीला जन्मतः सहदायाद केले आणि लग्नाची अट ठेवली नाही. याच दुरुस्तीने जुने कलम २३ वगळले. राहत्या घरात पुरुष वारस राहत असतील तर त्यांनी ठरवल्याखेरीज मुलीला वाटणी मागता येणार नाही, असे ते कलम होते. त्यात विवाहित मुलीला माहेरच्या घरात नुसते राहण्याचाही अधिकार नव्हता. तो अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून विभक्त झालेल्या मुलीलाच होता. संसार मोडल्याशिवाय माहेरच्या घरात कायदेशीर जागा नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

२००५ नंतरही एक शंका राहिली: त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालात होय म्हटले. २०१८ च्या दानम्मा निकालाने वेगळा सूर लावला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निर्णय दिला की मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहतात. तोंडी वाटणीचा बचाव सहजी स्वीकारू नये, असेही न्यायालयाने सांगितले. खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या तोंडीच होत आल्या असल्याने हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा ठरला.

नव्या हिशेबाने वरच्या दहा एकरांत आई व चार अपत्ये यांना प्रत्येकी दोन एकर येतात. वीस गुंठ्यांचे ऐंशी गुंठे झाले. हक्कसोडीवरून ताण का वाढला याचे उत्तर शोधताना बहिणींच्या स्वभावात काय बदल झाला हे पाहण्याची गरज नाही; हा आकडा पुरेसा आहे.

वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीस हे जन्मसिद्ध हक्काचे तत्त्व लागू नाही. ती ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर मुलगे, मुली, पत्नी व आई हे समान वारस ठरतात.

दस्त कसा होतो

खातेदाराच्या मृत्यूनंतर प्रथम वारस नोंद करावी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार मिळकतीत हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची असते. (या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, लोक अजून तलाठीच म्हणतात.) तलाठी फेरफार घेतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या नोंदीने बहिणींची नावे सातबाऱ्यावर येतात. त्यानंतर हक्कसोडपत्र लिहून ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले जाते, आणि त्या दस्ताच्या आधारे दुसरा फेरफार होऊन बहिणींची नावे कमी होतात. एका फेरफाराने नाव लागायचे आणि पुढच्या फेरफाराने जायचे. कित्येक स्त्रियांचे नाव सातबाऱ्यावर आयुष्यात एवढाच काळ राहिलेले असते.

शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतील हक्क संपुष्टात आणणारा दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार नोंदवलाच पाहिजे. म्हणून साध्या कागदावर किंवा मुद्रांकावर घेतलेल्या नोंदणीविना हक्कसोडीने बहिणीचा मालकी हक्क जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत भावाबहिणींमध्ये विनामोबदला हक्कसोड असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र, काही शे रुपयांतच असते; नातलगांतील देवघेव सुलभ व्हावी हा त्यामागचा हेतू. त्याचा आनुषंगिक परिणाम असा की हक्क सोडणे हा सर्वांत स्वस्त दस्त ठरतो.

जुन्या सातबाऱ्यांवर दोन प्रकार वारंवार दिसतात. एक, वारस नोंद करतानाच बहिणींची नावे न सांगणे. दुसरा, नावे कब्जेदार सदरी न लावता ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकणे. यांपैकी कशानेही हक्क नष्ट होत नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण मालकी ठरवते दिवाणी न्यायालय.

वडील हयात असताना घेतलेल्या हक्कसोडीबद्दल गैरसमज फार आहेत. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला त्यांच्या हयातीत हक्कच नसतो. पुढे वारसाने काही मिळेल ही नुसती आशा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे हस्तांतरित करता येत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र ती जन्मतः हिस्सेदार असल्याने तिला वडिलांच्या हयातीतही आपला हिस्सा सोडता येतो.

माहेर आणि सही

हक्कसोड कायद्याने सक्तीची नाही, आणि बहुतेक ठिकाणी कोणी उघड सक्ती करतही नाही. तरीही सही होते. ती का होते हे समजण्यासाठी माहेर या संस्थेकडे पाहावे लागते.

लग्न झालेल्या मुलीचे माहेरी जाणे काही ठरावीक प्रसंगांशी बांधलेले आहे: पंचमी, राखीपौर्णिमा, दिवाळीची भाऊबीज, पहिले बाळंतपण, गावची जत्रा. मराठवाड्यात अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तेव्हा लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात, आहेर करतात. भाचा-भाचीच्या लग्नात मामा पाठीशी उभा राहतो. साडी-चोळी, बोळवण, आजारपणातील मदत, नवऱ्याशी बिनसले तर काही दिवस टेकायला जागा, असे या नात्याचे स्वरूप आहे. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ हा सर्वांत जास्त आळवलेला नातलग आहे, आणि भावजयीच्या कपाळावरील आठीही त्या ओव्यांतून सुटलेली नाही. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनी उभारलेल्या ओव्यांच्या मोठ्या संग्रहात हा विषय सतत भेटतो.

ही सर्व देणी भावाच्या इच्छेवर अवलंबून असतात. वाटा एकदाच मिळतो. माहेर दरवर्षी मिळते, किंवा मिळत नाही. सासरी अडचणीत असलेल्या बहिणीला माहेराची गरज सर्वांत अधिक, आणि म्हणून सही नाकारण्याची तिची ताकद सर्वांत कमी. ज्या बहिणीची परिस्थिती चांगली आहे तिला नकार परवडतो, पण तिला लोक हावरी म्हणतात. भावांच्या बाजूनेही काही खरे मुद्दे असतात, ते डावलणे योग्य नाही. बहिणीच्या लग्नाचे कर्ज अनेकदा त्याच जमिनीवर काढलेले असते. आईवडिलांचा सांभाळ गावात राहिलेला भाऊ आणि भावजय करतात. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात चार-पाच एकर कोरडवाहू जमिनीतून दोन एकर गेल्यावर उरलेल्यावर घर चालणे अवघड होते. मात्र हुंडा आणि लग्नखर्च हाच बहिणीचा वाटा होता, हा युक्तिवाद कायद्यात बसत नाही. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो बहिणीच्या हाती येत नाही. तो तिच्या सासरी जातो.

या संदर्भात शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमाची आठवण होते. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला. त्या कामाचे मोल कमी नाही. पण पत्नीच्या नावे केलेली जमीन त्याच घरात राहते. बहिणीच्या नावे केलेली दुसऱ्या घरात जाते. पुरुषाला पहिले जमते आणि दुसरे जड जाते, यात आश्चर्य नाही.

बहिणी-बहिणींमधील ताण

प्रत्येक बहीण स्वतंत्र हिस्सेदार असल्यामुळे प्रत्येकीला स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो. वरच्या उदाहरणात मोठ्या बहिणीने दोन्ही भावांच्या लाभात हक्क सोडला तर भाऊ तीन-तीन एकरांचे धनी होतात. धाकटीचे दोन एकर तेवढेच राहतात. म्हणजे मोठीच्या त्यागाचा लाभ धाकटीला काहीच नाही, परंतु त्या त्यागाचे ओझे तिच्यावर येते. ‘ताईने दिली, तू का देत नाहीस?’ हे वाक्य त्यानंतर प्रत्येक सणाला ऐकावे लागते. उलट धाकटीने वाटा मागितला आणि तिला तो मिळाला, तर मोठीला आपण फुकट सही केली असे वाटू लागते, आणि तिचा राग बहुधा भावावर न निघता धाकटीवर निघतो.

सही न देणाऱ्या बहिणीसाठी माहेरचा दरवाजा बंद झाला तर इतर बहिणींपुढे पेच उभा राहतो. तिच्याशी संबंध ठेवावा तर भाऊ दुखावतो, तोडावा तर बहीण. आईची स्थिती सर्वांत बिकट. ती स्वतः समान वाटेकरी असते, मुलाच्या घरी राहते, आणि मुलींना समजावण्याचे काम तिच्यावर सोपवले जाते. भाऊ अकाली गेला असेल तर त्याचा हिस्सा भावजयीकडे व तिच्या मुलांकडे येतो. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या या जिल्ह्यात असे प्रसंग दुर्मीळ नाहीत. तेथे नणंदांनी मागितलेला वाटा आणि विधवेची उपजीविका समोरासमोर येतात. अशा वेळी आपणहून हक्क सोडणाऱ्या बहिणीही आहेत, आणि त्या हक्कसोडीला दडपण म्हणता येणार नाही.

दोन सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांना दिल्या असतील तर त्या जावा होतात. त्यांचे माहेर एक आणि सासरही एक. त्यांतील एकीने सही दिली आणि दुसरीने दिली नाही, तर भांडण दोन्ही घरांत एकाच वेळी चालते.

दाजी, साडू आणि नातेविवाह

बहिणीने वाटा मागितला की माहेरी पहिला संशय दाजींवर, म्हणजे तिच्या नवऱ्यावर येतो. ‘ती अशी नव्हती, दाजींनी फितवले’, असे म्हणण्यात भावांची सोय असते. बहिणीशी असलेले नाते न मोडता भांडण करता येते. काही वेळा संशय खराही असतो. कर्ज फेडण्यासाठी किंवा प्लॉट घेण्यासाठी नवरा बायकोला माहेरी पाठवतो, आणि ती नकार देईल तर तिचा सासरी छळ होतो. अशी स्त्री दोन्ही घरांत परक्याच्या बाजूची ठरते. कायदा मात्र स्पष्ट आहे: कलम १४ नुसार मिळालेल्या हिश्श्याची ती पूर्ण मालक असते, आणि तिच्या हयातीत नवऱ्याला त्यावर कोणताही हक्क नसतो.

साडूंमधील चढाओढ हाही एक घटक आहे. एका साडूच्या बायकोने वाटा घेतला आणि दुसऱ्याच्या बायकोने सोडला, तर दुसऱ्या घरात ‘तुझ्या बहिणीला कळले ते तुला कळले नाही’ हे बोलणे सुरू होते.

मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक जातींत आहे. इरावती कर्वे यांनी आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात (१९५३) महाराष्ट्रातील या पसंतीची दखल घेतली आहे. अशा घरात बहीण ही भावाच्या मुलीची सासू असते. तिने वाटा मागितला तर भावाला आपल्या मुलीच्या संसाराची काळजी वाटते. भावाने वाटा नाकारला तर त्याचे उट्टे निघते ते त्या सुनेवर. जमिनीच्या वादामुळे ठरलेली सोयरीक मोडते, तर कोठे वाद मिटावा म्हणून सोयरीक केली जाते. ज्या मुलामुलीचे हे लग्न असते त्यांच्या मनाचा विचार या व्यवहारात शेवटी येतो.

स्वतःच्या पसंतीने, विशेषतः जातीबाहेर, लग्न केलेल्या मुलीशी माहेर अनेकदा संबंध तोडते. ‘आम्हाला ती मेली’ असे म्हटले जाते. वारसाहक्क मात्र संपत नाही. आंतरजातीय विवाहाने मुलीचा हिस्सा जात नाही. परिणामी वर्षानुवर्षे ज्यांनी तोंड पाहिले नाही ते भाऊ एक दिवस सहीसाठी तिच्या दारात येतात. नवऱ्याची ओळखही न करून घेता कागद पुढे करणाऱ्या या भेटीतून काही ठिकाणी तुटलेले नाते पुन्हा सांधले गेले आहे. काही ठिकाणी त्या भेटीनेच ते कायमचे संपले आहे.

नवऱ्याने टाकलेली बहीण माहेरी परतते तेव्हा तिने पूर्वी केलेली हक्कसोड सर्वांत जाचक ठरते. माहेरपणाला आलेली बहीण पाहुणी असते, कायमची आलेली बहीण भावजयीला भार वाटते, आणि ज्या घरावर तिचा कायदेशीर हिस्सा होता तो तिने स्वतःच लिहून दिलेला असतो.

भूसंपादन आणि वाढते भाव

पडून असलेल्या हिश्श्याचा प्रश्न जमिनीला भाव आल्यावर उठतो. जिल्ह्यातून जाणारे धुळे–सोलापूर व पुणे–हैदराबाद महामार्ग, सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्ग, पवनचक्क्या व सौरप्रकल्प यांसाठी जमिनी गेल्या किंवा भाड्याने दिल्या गेल्या. मोबदला देताना सर्व हिस्सेदार पाहिले जातात, म्हणून वीस वर्षे कोणाला न आठवलेल्या बहिणींची नावे एकाएकी महत्त्वाची होतात. वाटपाबाबत वाद असेल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार तो प्राधिकरणाकडे पाठवता येतो व तोपर्यंत रक्कम तेथे जमा राहते. या टप्प्यावर घाईघाईने घेतलेल्या हक्कसोडीतून बरेच खटले उद्भवतात. बहिणीला आपण कशावर सही करतो आहोत हे ठाऊक असते, पण त्या जमिनीला किती मोबदला मंजूर झाला आहे हे ठाऊक नसते.

दस्ताला आव्हान

नोंदणीकृत हक्कसोडपत्र नंतर मन बदलले म्हणून रद्द होत नाही. फसवणूक, दडपण किंवा अनुचित प्रभाव सिद्ध झाला तर न्यायालय तो रद्द करू शकते. मुदतीच्या कायद्याप्रमाणे असा दावा ज्या दिवशी ती वस्तुस्थिती कळली त्या दिवसापासून तीन वर्षांत करावा लागतो. ‘वारस नोंदीची सही आहे असे सांगून हक्कसोड घेतली’ ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. निबंधकापुढे छायाचित्र, अंगठा व ओळखदार यांची नोंद झालेली असल्याने ती सिद्ध करणे सोपे नसते.

हक्क सोडलाच नसेल तर बहिणीने वाटपाचा दावा करायचा असतो. न्यायालय प्रथम प्राथमिक हुकूमनाम्याने हिस्से ठरवते. शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी त्यानंतर महसूल यंत्रणेमार्फत होते. वरची अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) खंडपीठापुढे जातात. दावा दोन-तीन पिढ्यांपर्यंत लांबल्याची उदाहरणे विरळ नाहीत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेशीर मदतीस पात्र आहे. तालुका व जिल्हा विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. पुष्कळ दावे लोकअदालतीत तडजोडीने मिटतात. त्यातील एक नेहमीची तडजोड अशी की जमीन भावांकडे राहते आणि बहिणींना तिच्या किमतीपोटी काही रक्कम मिळते. ही रक्कम बाजारभावाच्या जवळपासही नसली, तरी शून्य मोबदल्याच्या कागदापेक्षा हा मार्ग अनेक बहिणींना मानाचा वाटतो. हक्कसोडीऐवजी सुरुवातीलाच वाटणीपत्र करून बहिणीला थोडी जमीन, घरातील एक खोली किंवा रोख रक्कम देणारी कुटुंबेही आढळतात.

बहिणीच्या पश्चात

माहेरची जमीन परक्या घरात जाईल, ही भीती हक्कसोडीच्या आग्रहामागे असते. ती कायद्याने काही अंशी विचारात घेतली आहे. स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर तिची मिळकत सामान्यतः मुलांकडे व नवऱ्याकडे जाते. पण कलम १५ मधील अपवादानुसार, तिला आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मिळकत तिला अपत्य वा मृत अपत्याची मुले नसतील तर नवऱ्याकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत येते. त्या वारसांत तिचे भाऊ असतात आणि तिच्या बहिणीही असतात. वर्षांपूर्वी भावांच्या लाभात आपला हिस्सा सोडलेली मोठी बहीणही त्यांत असते. तिने तेव्हा लिहून दिलेले हक्कसोडपत्र त्यात नमूद केलेल्या हिश्श्यापुरते असते, आणि धाकट्या बहिणीकडून आलेला हा नवा वाटा सामान्यतः त्यात मोडत नाही. त्यासाठी भावांना तिची सही पुन्हा मागावी लागते.